मॉरिशसमधील करारबद्ध भारतीय मजुरांचे कौटुंबिक अर्थकारण (इ.स. १८३४ ते १९१०) : वेतन, शिधा आणि जीवनखर्च – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश साम्राज्यातील ऊसमळ्यांसाठी भारतातून मजूर नेण्याची जी पद्धती रूढ झाली, तिचा पहिला मोठा प्रयोग हिंदी महासागरातील मॉरिशस या बेटावर झाला. इ.स. १८३४ ते १९१० या काळात सुमारे साडेचार लाख भारतीय या बेटावर उतरले. त्यांपैकी एकतृतीयांशाच्या आसपास लोक मायदेशी परतले. उरलेल्यांनी तेथेच संसार थाटला. या स्थलांतराचा विचार बहुधा दोन अंगांनी झालेला आहे. ह्यू टिंकर यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात करारपद्धतीला गुलामगिरीचीच नवी आवृत्ती ठरवले. मरीना कार्टर, रिचर्ड ॲलन यांच्यासारख्या नंतरच्या अभ्यासकांनी मजुरांची स्वतःची धडपड, त्यांची कुटुंबे आणि त्यांनी मिळवलेली जमीन यांकडे लक्ष वेधले.

या दोन्ही भूमिकांच्या मध्ये एक साधा प्रश्न उभा राहतो. परक्या बेटावर गेलेल्या मजुराच्या घरी महिन्याची मिळवणी किती होती आणि खर्च किती होता? कराराच्या कागदावर पाच रुपये लिहिलेले असत. पण त्या पाच रुपयांत चूल कशी पेटत होती? प्रस्तुत शोधनिबंधात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) करारातील वेतन आणि मजुराच्या हाती प्रत्यक्ष पडणारे वेतन यांतील अंतर तपासणे.
२) शिधा, कपाती, उधारी व सरकारी शुल्क यांचा कौटुंबिक खर्चावरील परिणाम पाहणे.
३) कुटुंबाच्या निर्वाहातील स्त्रियांच्या श्रमाचे स्थान स्पष्ट करणे.
४) मुंबई इलाख्यातून, विशेषतः कोकणातून गेलेल्या मजुरांच्या संदर्भात या अर्थकारणाचा विचार करणे.

अभ्यासाचे गृहीतक असे की, करारपद्धतीने मोजले ते काम करणारे हात. खाणारी तोंडे तिने मोजली नाहीत. या दोहोंतील तूट मजुरांच्या कुटुंबांनी कराराबाहेरच्या श्रमाने भरून काढली.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इ.स. १८१० मध्ये ब्रिटिशांनी हे बेट फ्रेंचांकडून जिंकले आणि १८१४ च्या पॅरिस तहाने त्यांचा ताबा पक्का झाला. मळेवाले मात्र फ्रेंच वंशाचेच राहिले. इ.स. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेला ब्रिटनमध्ये वेस्ट इंडीजच्या साखरेइतकाच कर लागू झाला आणि बेटावरील शेतीचे स्वरूप पालटले. इतर पिके मागे पडून सर्वत्र ऊस पसरला. पुढील साऱ्या अर्थकारणाच्या दृष्टीने ही घटना निर्णायक ठरली, कारण जे बेट साखर निर्यात करू लागले, ते आपले अन्न बाहेरून आणू लागले.

इ.स. १८३५ मध्ये मॉरिशसमध्ये गुलामगिरी रद्द झाली. मालकांना सुमारे वीस लाख पौंडांची भरपाई मिळाली. मुक्त झालेल्यांना काहीही मिळाले नाही. शिकाऊ कामगार म्हणून त्यांना मळ्यांवर अडकवून ठेवणारी व्यवस्थाही १८३९ मध्ये संपली आणि बहुसंख्य मुक्त गुलामांनी मळे सोडले. मळेवाल्यांनी त्याआधीच भारताकडे दृष्टी वळवली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' हे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईस बंदरात पोहोचले. पुढील चार वर्षांत सुमारे पंचवीस हजार मजूर आले. त्यांच्या हालअपेष्टांच्या वार्तांमुळे भारत सरकारने ही वाहतूक थांबवली. परंतु १८४२ च्या अखेरीस ती सरकारी देखरेखीखाली पुन्हा खुली झाली आणि एकट्या १८४३ या वर्षात तीस हजारांहून अधिक लोक बेटावर उतरले. इ.स. १८६१ च्या जनगणनेत बेटाची लोकसंख्या सुमारे ३ लाख १० हजार होती. तीत भारतीयांची संख्या सुमारे १ लाख ९२ हजार होती. एका पिढीच्या आत परदेशी मजूर हाच बेटावरील बहुसंख्य समाज झाला होता.

कराराचे अंकगणित

आरंभीच्या करारांत पुरुष मजुराला दरमहा ५ रुपये, स्त्रीला ४ रुपये आणि मुकादमाला, म्हणजे तेथील भाषेत 'सरदारा'ला १० रुपये वेतन ठरलेले असे. कराराची मुदत पाच वर्षांची होती. याशिवाय राहण्यास झोपडी, वर्षाला ठरावीक कपडे व घोंगडी आणि रोजचा शिधा देण्याचे मालकाने मान्य केलेले असे.

वरकरणी ही रक्कम बऱ्यापैकी दिसते. तथापि आरंभीच्या करारांत परतीच्या प्रवासाच्या तरतुदीसाठी दरमहा १ रुपया कापून ठेवला जाई. पाच वर्षांत ही कपात ६० रुपये होते. म्हणजे मजुराच्या पूर्ण एका वर्षाच्या वेतनाइतकी. निघण्यापूर्वी दिलेली काही महिन्यांची उचलही वेतनातूनच वळती होई आणि त्या उचलीतला मोठा वाटा भरती करणाऱ्या दलालाच्या हाती गेलेला असे. त्यामुळे बेटावरील पहिले कित्येक महिने मजूर काम करी ते जुने देणे फेडण्यासाठी.

इ.स. १८४२ नंतर परतीचे भाडे वसाहत सरकारने देण्याची व्यवस्था झाली. परंतु १८५० च्या दशकाच्या आरंभी नव्याने येणाऱ्यांसाठी ही सवलत काढून घेण्यात आली. या बदलाकडे केवळ प्रशासकीय बाब म्हणून पाहणे पुरेसे नाही. परतीचे भाडे ज्याला स्वतः साठवावे लागते, त्याच्या दृष्टीने घरी परतणे हीच एक चैनीची वस्तू होते. अनेक कुटुंबे बेटावर कायमची राहिली, त्यामागे नव्या भूमीची ओढ जशी होती, तसा हा हिशेबही होता.

सर्वांत जाचक तरतूद होती ती खाड्यांची. विनापरवानगी एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचे वेतन कापण्याचा अधिकार कायद्याने मालकाला दिलेला होता. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले तर ५ रुपये वेतनाचा रोज सुमारे ३ आणे पडतो. चार दिवसांचा खाडा झाला की आठ दिवसांचे, म्हणजे सुमारे दीड रुपया वेतन बुडे. महिन्याच्या उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा चार दिवसांत नाहीसा होई. कापणीच्या हंगामानंतर, जेव्हा मळ्यावर कामच थोडे असे, तेव्हा या दुहेरी खाड्याचा उपयोग वेतनखर्च कमी करण्यासाठीही होत असे. ही पद्धत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकून होती. त्यात भर म्हणजे वेतन वेळेवर मिळण्याची खात्री नव्हती. अनेक मळ्यांवर काही महिन्यांचे वेतन थकलेले असे, ही गोष्ट पुढे चौकशी आयोगाच्या निदर्शनास आली.

शिधा आणि आयात धान्य

वेतनाइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा भाग शिध्याचा होता. पुरुष मजुराला सामान्यतः रोज सुमारे २ पौंड तांदूळ, थोडी डाळ, मीठ आणि तेल वा तूप मिळे. काही करारांत चिंचेचाही उल्लेख आढळतो. महिन्याला हा तांदूळ ६० पौंड, म्हणजे सुमारे २७ किलो भरतो.

एकट्या पुरुषासाठी हा शिधा अपुरा नव्हता. पण तो कराराने बांधलेल्या व्यक्तीलाच मिळे. पत्नी करारबद्ध नसेल आणि मुले लहान असतील, तर त्यांच्या वाट्याला स्वतंत्र शिधा नसे. नवरा-बायको आणि दोन मुले असे चौघांचे घर धरले, तर दिवसाला सुमारे ९०० ग्रॅम तांदूळ चौघांत वाटावा लागे. म्हणजे माणशी सव्वादोनशे ग्रॅम, तोही दिवसभर उसाच्या शेतात राबणाऱ्या माणसाचा वाटा धरून. उरलेले धान्य रोखीने किंवा उधारीने विकत घेण्याला पर्याय नव्हता.

आणि हे धान्य बेटावर पिकत नव्हते. तांदूळ व डाळ मुख्यतः भारतातून येई, गुरे मादागास्करहून येत, कापड मँचेस्टरच्या गिरण्यांतून येई. पोर्ट लुईसमधील धान्य व कापडाच्या व्यापारात गुजराती मुस्लिम व्यापाऱ्यांनी जम बसवला होता. वादळ, साथ किंवा भारतातील दुष्काळ यांपैकी काहीही घडले, तरी त्याचा फटका मळ्यावरील चुलीला बसे. कोकणात वा बिहारमध्ये गरिबाला निदान नाचणी, वरी, रानभाजी, मासळी यांचा आधार असे. बेटावर तो आधार नव्याने उभा करावा लागला.

चलनाचा गोंधळही लक्षात घेण्याजोगा आहे. करार रुपयांत, सरकारी हिशेब पौंड-शिलिंगांत आणि बाजारातील बोली पियास्त्र किंवा डॉलरमध्ये, अशी तिहेरी स्थिती दीर्घकाळ होती. एक डॉलर म्हणजे २ रुपये असा हिशेब धरला जाई. इ.स. १८७६ च्या कायद्याने रुपया हे बेटाचे चलन ठरले. अक्षरओळख नसलेल्या मजुराला या साऱ्या वटावळीत आपले पैसे नेमके किती, हे ताडून पाहणे कठीण होते.

दुकान, उधारी आणि सावकारी

वेतन थकलेले आणि शिधा अपुरा, या दोहोंच्या मध्ये दुकान उभे होते. आरंभी मळ्यावरची दुकाने मालकाच्या किंवा सरदाराच्या हाती असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी किरकोळ दुकानदार गावोगावी पसरले. हा दुकानदार सामान थोड्या थोड्या मापाने विकत असे आणि ग्राहकाच्या वहीत उधारी मांडून ठेवत असे. कापणीचा हंगाम संपून पैसे हाती आले की वही चुकती करावयाची, हा रिवाज बेटाच्या सामाजिक जीवनाचा भागच झाला.

या उधारीची दोन रूपे होती. तिच्यामुळे पडत्या महिन्यांत घर तगून राहिले, हे नाकारता येत नाही. परंतु वही कधीही पूर्ण कोरी न होणे म्हणजे पुढच्या हंगामाचे वेतन आधीच खर्च झालेले असणे. सरदार हाच अनेकदा सावकारही असे. तोच हजेरी मांडणारा, तोच नवा करार करावयास लावणारा आणि तोच कर्ज देणारा, अशा स्थितीत नवा करार नाकारण्याचे स्वातंत्र्य कर्जदार मजुराला कितपत होते, हे सांगावयास नको.

कराराबाहेरचे श्रम : स्त्रिया आणि परसबाग

आरंभीच्या जहाजांतून स्त्रिया अत्यल्प संख्येने आल्या. १८५० च्या दशकात स्त्रियांचे किमान प्रमाण ठरवून देण्यात आले व ते टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आले. मळेवाल्यांना स्त्रियांचे येणे खर्चिक वाटे, कारण त्यांच्यापैकी अनेक जणी करारावर काम करीत नसत. सरकारी कागदपत्रांत अशा स्त्रियांची नोंद बहुधा 'काम न करणाऱ्या' म्हणून होते.

वास्तविक घराचा ताळेबंद जुळवण्याचे काम याच स्त्रियांनी केले. गवत कापून आणणे, एखादी गाय वा शेळी पाळणे, दूध विकणे, झोपडीमागच्या तुकड्यावर भाजीपाला लावणे, उसाचे पाचट व काटक्या सरपणासाठी गोळा करणे, हंगामात रोजंदारीने मळ्यावर जाणे, ही सारी कामे त्यांच्याकडे होती. ज्या घरी दूध आणि भाजी होती, त्या घराची दुकानदाराकडील वही लवकर चुकती होई. गाय हीच अनेक घरांची पहिली मालमत्ता होती. आजारपण, लग्न किंवा दंड यांसाठी ती विकता येत असे आणि ती विकली न जाता वाढली, तर तिच्यातून जमिनीच्या पहिल्या हप्त्याची सोय होई.

शासनाच्या हिशेबात या श्रमाला किंमत नव्हती. पाच रुपयांत मजूर मिळतो, असे मळेवाला म्हणत असे, तेव्हा त्या मजुराला दुसऱ्या दिवशी कामावर उभे करण्यासाठी लागणारा उरलेला खर्च त्याचे घर सोसत होते. साखरेच्या स्वस्ताईचे एक कारण येथे आहे.

मुंबई इलाख्यातील मजूर

मॉरिशसला गेलेल्या भारतीयांपैकी बहुसंख्य कलकत्ता बंदरातून आणि सुमारे एकतृतीयांश मद्रासमधून गेले. मुंबई बंदराचा वाटा एकदशांशाहूनही कमी होता. हे मजूर प्रामुख्याने रत्नागिरी व लगतच्या प्रदेशातील होते. अपुरी भातजमीन, खोती पद्धतीतील देणी आणि पावसाळ्यानंतर काम शोधण्यासाठी मुंबईची वाट धरण्याची जुनी सवय, ही त्यामागची कारणे होत. मुंबईच्या गोदीत भरती करणाऱ्या दलालाची गाठ पडणे ही पुढची पायरी होती.

१८६० च्या दशकाच्या मध्यानंतर मुंबईहून होणारे हे स्थलांतर जवळजवळ थांबले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात मुंबईत आलेली कापसाची तेजी आणि त्यानंतर वाढत गेलेल्या गिरण्या यांमुळे कोकणी माणसाला समुद्रापलीकडे जाण्याचे कारण उरले नाही. गिरणीकामगाराचे घर गावी राही, शेतीवर अर्धेअधिक भागे आणि तो मुंबईहून पैसे पाठवी. मॉरिशसला गेलेल्याला हा दुहेरी आधार नव्हता. त्याला घर आणि शेत दोन्ही बेटावरच उभे करावे लागले.

संख्येने थोड्या असलेल्या या मराठी भाषकांची वस्ती पुढे मुख्यत्वे ब्लॅक रिव्हर परिसरात आणि व्हाकोआच्या बाजूला एकवटली. कोकणातील जाखडी तेथे 'झाकरी' या नावाने जिवंत राहिली आणि गणेशचतुर्थी हा मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला. महिन्याकाठी चार-पाच रुपये हाती येणाऱ्या कुटुंबांनी सण-उत्सवांसाठी बाजूला काढलेला पैसा हा देखील त्यांच्या जीवनखर्चाचा भाग होता. त्याला अनावश्यक खर्च म्हणणे हे मळेवाल्याच्या दृष्टीचे द्योतक होईल.

कायदा, दंड आणि १८७१ चा अर्ज

इ.स. १८६७ हे वर्ष बेटाच्या इतिहासात हिवतापाच्या साथीमुळे कुप्रसिद्ध आहे. त्या एका वर्षात सुमारे चाळीस हजार माणसे दगावली. कमावता पुरुष गेलेल्या वा आजारी पडलेल्या घरांची काय अवस्था झाली असेल, हे वर मांडलेल्या हिशेबावरून समजते. त्याच वर्षी लागू झालेल्या कामगार कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही छायाचित्रासह तिकीट जवळ बाळगणे सक्तीचे केले. तिकीट हरवले तर शुल्क भरून नवे घ्यावे लागे. ते जवळ नसेल तर भटकेपणाच्या आरोपाखाली अटक होई. भाजी विकावयास किंवा नातलगास भेटावयास दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या हजारो लोकांना याचा त्रास झाला. कायद्याने कराराबाहेरच्या कमाईवर लावलेला हा एक प्रकारचा करच होता.

या कायद्याविरुद्ध अदोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्याने जुन्या मजुरांच्या वतीने १८७१ मध्ये अर्ज तयार केला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या वा निशाण्या होत्या. गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांच्या कारकिर्दीत १८७२ मध्ये राजकीय आयोग बेटावर आला. मुंबई इलाख्यात सेवा केलेले विल्यम एडवर्ड फ्रेअर आणि व्हिक्टर विल्यमसन हे त्याचे सदस्य होते. १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने थकलेली वेतने, मनमानी कपाती आणि पोलिसी छळ यांना दुजोरा दिला. १८७८ च्या कायद्याने काही सुधारणा केल्या. दुहेरी खाडा मात्र राहिला. पुढे मणिलाल डॉक्टर यांनी १९०७ ते १९११ या काळात मजुरांची बाजू न्यायालयात आणि १९०९ च्या राजकीय आयोगापुढे मांडली. दुहेरी खाडा त्याच सुमारास रद्द झाला.

बचत आणि जमीन

या साऱ्या ओढाताणीतही काही कुटुंबांनी बचत केली, ही बाब विशेष लक्षणीय आहे. सरकारी बचत बँकेत भारतीय ठेवीदार होते. युरोपातील बीटच्या साखरेमुळे उसाच्या साखरेचे भाव घसरले, तेव्हा अडचणीत आलेल्या मळेवाल्यांनी सीमेवरच्या जमिनी तुकडे पाडून विकण्यास आरंभ केला. १८८० नंतरच्या या प्रक्रियेला 'मोठी तुकडेवाटणी' म्हटले जाते. १९२० च्या सुमारास उसाखालील जमिनीचा एकतृतीयांशाहून अधिक भाग भारतीय वंशाच्या लोकांकडे आला होता.

यावरून करारपद्धती अखेरीस मजुरांच्या हिताची ठरली, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. जमीन घेणाऱ्यांत सरदार, ठेकेदार आणि छोटे व्यापारी यांचा वाटा मोठा होता. सामान्य मजुराच्या हाती जमीन आली ती बहुधा दोन पिढ्यांच्या श्रमानंतर, अनेकदा हप्त्यांवर आणि निकृष्ट प्रतीची. पाच रुपयांच्या वेतनातून ती आलेली नव्हती. ती आली दुधातून, भाजीतून आणि पोटाला घेतलेल्या चिमट्यातून.

निष्कर्ष

१) करारातील ५ रुपये हे मजुराचे वास्तविक उत्पन्न नव्हते. प्रवासखर्चाची कपात, उचल, दुहेरी खाडा आणि थकलेली वेतने यांमुळे हाती पडणारी रक्कम त्याहून बरीच कमी आणि अनिश्चित होती.
२) शिधा व्यक्तीला दिला जाई, कुटुंबाला नाही. अन्न आयात करणाऱ्या बेटावर ही तूट रोख पैशाने किंवा उधारीने भरणे भाग होते.
३) कायद्याने आकारलेली शुल्के, दंड आणि काढून घेतलेले परतीचे भाडे यांनी जीवनखर्च वाढवला व मजुराला बेटावर आणि करारात अडकवून ठेवले.
४) स्त्रियांचे, नोंदीत 'काम' न ठरलेले श्रम हाच कुटुंबाच्या निर्वाहाचा आणि बचतीचा खरा आधार होता.

पोर्ट लुईस बंदरातील ज्या स्थलांतर केंद्रातून हे मजूर बेटावर शिरले, त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या नोंदवह्यांत प्रत्येक मजुराचे नाव, गाव, वय आणि मळा यांची नोंद आढळते. त्या नोंदींत घरातला जमाखर्च नाही. तो करार, कायदे आणि आयोगांचे अहवाल एकमेकांसमोर ठेवूनच मांडावा लागतो. असा हिशेब मांडला की करारपद्धतीविषयीचा जुना वाद वेगळ्या प्रकाशात दिसतो. मजुरांची कुटुंबे तगली व काही पुढेही गेली. परंतु त्याचे श्रेय कराराला देता येत नाही. करारात जे लिहिले नव्हते, ते त्यांनी स्वतः कमावले. आजही परदेशी नोकरीच्या करारावर वेतनाचा आकडा ठळक असतो. राहणे, खाणे, कपाती आणि परतीचे भाडे यांचा हिशेब मात्र कामगाराच्या घरालाच मांडावा लागतो. त्या दृष्टीने मॉरिशसच्या मळ्यांवरील या संसारांचा अभ्यास प्रस्तुत ठरतो.